आंब्याच्या पैशावर घराचा हप्ता

आमच्या देवगड तालुक्यात घराचं काम दिवाळीनंतर निघतं. कार्तिकात जोत्याचे चिरे उतरले तर शिमग्यापर्यंत भिंती उभ्या राहतात, आणि मे सरायच्या आत छपरावर कौलं नाहीतर पत्रे चढावेच लागतात. त्यानंतर चार महिने बांधकाम बंद. माझ्या मावसभावाची घरकर्जाची फाईल डिसेंबरात बँकेत गेली आणि एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात नकार घेऊन परत आली. खाणवाल्याला चिऱ्यांसाठी दिलेले पैसे अडकले, गवंडी दुसऱ्या कामावर गेले, आणि जुन्या मातीच्या भिंतींना प्लास्टिकची झड बांधून त्या कुटुंबाने आणखी एक पावसाळा काढला. त्या घरात माझी मावशी होती, ऐंशीच्या पुढची.

नकाराचं पत्र मी वाचलं आहे, कारण जामीनदार म्हणून त्या फाईलवर माझी सही होती. पत्रात दोन कारणं होती. अर्जदाराला नियमित उत्पन्न नाही. तारण द्यायच्या मालमत्तेचा मालकीहक्क स्पष्ट नाही. बँकेच्या पायऱ्या उतरताना भाऊ एवढंच म्हणाला, "तेंका आमची कलमां दिसणत नाय काय रे?"

ही दोन कारणं किनारपट्टीवर घरोघरी ऐकू येतात. बागायतदार, मच्छीमार, खलाशी, गवंडी, टेम्पोवाला, खानावळ चालवणारी बाई, घरी पर्यटक उतरवणारं जोडपं, ज्यांच्या हातात महिन्याच्या महिन्याला पगारपत्रक पडत नाही त्या सगळ्यांची फाईल याच दोन ओळींवर अडते. माझं म्हणणं असं की यातलं पहिलं कारण चुकीचं आहे. दुसरं खरं आहे, पण ते अर्जदाराने निर्माण केलेलं नाही. आणि दोन्हींवरचा इलाज बँकांच्या आणि महसूल खात्याच्या हातात आहे, त्यासाठी नव्या अनुदानाची घोषणा लागत नाही.

आधी उत्पन्नाचं बोलू. आंब्याच्या कलमांना मोहर येतो थंडीत, फळ उतरतं मार्च ते मे. काजूही साधारण त्याच दिवसांत. मच्छीमाराची बोट १ जून ते ३१ जुलै शासनाच्याच आदेशाने बंद असते, नारळी पौर्णिमेच्या आसपास पुन्हा दर्यात जाते आणि पुढच्या मेपर्यंत चालते. पर्यटनवाल्याच्या खोल्या दिवाळीत, नाताळात आणि मेमध्ये भरतात. हे उत्पन्न महिन्याच्या मापाने तुटक दिसतं. वर्षाच्या मापाने पाहिलं तर ते पिढ्यान्‌पिढ्या येतंय आणि त्यावर मुलांची शिक्षणं आणि लग्नं झाली आहेत. त्याला अनियमित म्हणणं बरोबर नाही, ते हंगामी आहे.

हा फरक बँकांना कळत नाही असंही नाही. माझ्या भावाने विकास सोसायटीतून घेतलेलं पीककर्ज हंगामाच्या हिशेबाने फेडायचं असतं. ते थकीत कधी धरायचं याचा रिझर्व्ह बँकेचा नियमही हंगामावरच बेतलेला आहे: अल्प मुदतीच्या पिकांना दोन हंगाम, दीर्घ मुदतीच्या पिकांना एक हंगाम. पण त्याच माणसाने त्याच बागेच्या भरवशावर घरासाठी कर्ज घेतलं, की नियम ९० दिवसांचा होतो. जूनमध्ये सुरू झालेला हप्ता सप्टेंबरपर्यंत चुकला की खातं अनुत्पादित. आंबा संपून मोहर यायला अजून तीन महिने असतात, तेव्हाच त्याच्या नावावर थकबाकीदाराचा शिक्का बसतो, आणि पुढच्या वर्षीच्या पीककर्जालाही त्याची झळ लागते. शेतकऱ्याचं पीक आणि शेतकऱ्याचं घर यांचा पैसा एकाच पिशवीतून येतो, हे कर्जाच्या नियमांत कुठेतरी लिहिलं पाहिजे.

खरं तर ते एकदा लिहिलं गेलं आहे. इंदिरा आवास योजना आणि १९९७ साली आलेली सुवर्ण जयंती ग्रामीण गृहनिर्माण वित्त योजना, या दोन योजनांखाली शेतकऱ्यांना दिलेल्या घरकर्जाचे हप्ते पीकचक्राशी जोडावेत, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेलं आहे. म्हणजे तत्त्व मान्य आहे, अडचण फक्त त्याच्या कुंपणाची आहे. दोन जुन्या योजनांपुरतं जे शहाणपण दाखवलं ते सगळ्या ग्रामीण घरकर्जांना लागू करायला काय हरकत आहे, या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

पैशाच्या भाषेत सांगतो. आठ लाखांचं कर्ज, पंधरा वर्षांची मुदत, व्याज ९ टक्के. मासिक हप्ता येतो ८,११४ रुपये, म्हणजे वर्षाला ९७,३६८. तेच कर्ज वर्षातून एकदा, मेअखेर फेडायचं ठरवलं आणि व्याज दरमहा चढत जाऊ दिलं, तरी वार्षिक हप्ता १ लाख १ हजार ५०० च्या आसपास येतो. फरक वर्षाला चार हजार शंभर रुपयांचा. माझा भाऊ तो फरक आनंदाने देईल, तालुक्यातला कुठलाही बागायतदार देईल. बँकेचा पैसा बुडत नाही आणि व्याजही बुडत नाही. आणि ऑगस्टमध्ये हप्ता भरण्यासाठी बायकोची पाटली गहाण टाकण्याची वेळ येत नाही. मच्छीमारांसाठी तर याहून सोपं आहे: जून-जुलै कोरे सोडून दहा महिन्यांचे हप्ते बांधा. जे दोन महिने सरकार स्वतः बोट बांधून ठेवायला लावतं, त्या दोन महिन्यांचा हप्ता सरकारी बँकेने मागावा यात मला न्याय दिसत नाही.

राहिला प्रश्न उत्पन्न मोजायचं कसं. आयकर विवरणपत्र नाही म्हणून मोजता येत नाही, असं सांगतात. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, मग विवरणपत्र येणार कुठून? पण कागद मुळीच नसतो असं नाही. वाशीच्या बाजारातून दलालाची पट्टी येते, तिच्यावर पेट्यांची संख्या आणि दर असतो. नौकेचा डिझेल कोटा मच्छीमार सोसायटीतून मिळतो, त्याची नोंद वर्षानुवर्षं असते, आणि किती डिझेल जळलं यावरून बोट किती फेऱ्या मारते ते बोट चालवणारा कोणताही तांडेल सांगेल. पीककर्जाच्या परतफेडीचा इतिहास जिल्हा बँकेच्या वहीत असतो. बचत गटातल्या बाईने दहा वर्षं दरमहा भरलेली बचत आणि वेळेवर फेडलेलं अंतर्गत कर्ज गटाच्या वहीत असतं. हल्ली मासळी विकणारी बाईसुद्धा मोबाईलवर पैसे घेते, त्याचाही हिशेब खात्यात उमटतो. हे सगळं एकत्र करून वाचणारा माणूस हवा, आणि त्या वाचनाला बँकेत किंमत हवी.

मोजता येतं याचा पुरावा खाजगी गृहवित्त कंपन्या रोज देत आहेत. त्यांचा माणूस मोटारसायकलवरून वाडीत येतो, कलमं मोजतो, शेजाऱ्याला विचारतो, दुकानात उधारी किती ते बघतो आणि कर्ज मंजूर करून जातो. व्याज मात्र बारा ते पंधरा टक्क्यांच्या घरात. वरचंच आठ लाखांचं कर्ज १४ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता १०,६५४ होतो. दरमहा २,५४० रुपये जास्त, पंधरा वर्षांत ४ लाख ५७ हजार. मुद्दलाच्या निम्म्याहून अधिक रक्कम केवळ पगारपत्रक नसल्याची किंमत म्हणून जाते. त्या कंपन्यांना मी नावं ठेवत नाही. त्यांनी दार उघडलं तेव्हा बाकीची दारं बंद होती. पण जो माणूस १४ टक्क्यांचा हप्ता फेडू शकतो, तो ९ टक्क्यांचा फेडू शकणार नाही असं कोण म्हणेल?

हे काम जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांनी करावं असं मला मनापासून वाटतं. त्यांच्या मागे विकास सोसायट्यांचं जाळं आहे, आणि गटसचिवाला गावातली प्रत्येक बाग ठाऊक असते. तीन वर्षांनी बदली होऊन जाणाऱ्या परप्रांतीय शाखाधिकाऱ्याला ते ज्ञान कितीही इच्छा असली तरी मिळत नाही. मर्यादेचं कारणही आता उरलेलं नाही. जून २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने ग्रामीण सहकारी बँकांची घरकर्जाची कमाल मर्यादा वाढवली: शंभर कोटींपेक्षा कमी नक्त मूल्य (देणी वजा जाता उरणारी मालमत्ता) असलेल्या बँकांना वीस लाखांवरून पन्नास लाख, बाकीच्यांना तीस लाखांवरून पंचाहत्तर लाख. आमच्या गावातल्या दोन खोल्या, पडवी आणि स्वयंपाकघर यांना त्याचा पाचवा हिस्सा पुरतो. आणि एप्रिल २०२५ पासून छोट्या गावांतलं पस्तीस लाखांपर्यंतचं घरकर्ज व्यापारी बँकांच्या अग्रक्रम क्षेत्रात मोजलं जातं. या क्षेत्राला कर्जाचा ठरावीक हिस्सा देणं त्यांना बंधनकारक असतं, म्हणजे ते देण्यात त्यांचाही फायदा आहे.

आता दुसरं कारण, आणि इथे मला जास्त वेळ थांबायचं आहे. कोकणातल्या जमिनीचा कागद ही साधी अडचण नाही. तो दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

माझ्या भावाच्या घराखालच्या सातबाऱ्यावर एकेचाळीस नावं आहेत. त्यातली किती माणसं हयात आहेत हे आम्हालाही नीट सांगता येत नाही. पणजोबांच्या नावाची जमीन, चार मुलगे, त्यातले तीन मुंबईला गिरणीत, त्यांची मुलं लालबाग-परळातून डोंबिवली, नालासोपारा, विरारला पांगली. वारस नोंदी कधी झाल्या, कधी राहिल्या. वहिवाट मात्र स्पष्ट आहे. कुणाचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, कुठून कुठे, कुणाची कलमं कोणती, कुणाचं घरठाण कुठलं, हे वाडीतलं शाळकरी पोर सांगेल. त्यावरून आमच्यात भांडण नाही. पण बँकेचा वकील वहिवाट बघत नाही, तो उतारा बघतो, आणि उताऱ्यावर माझा भाऊ एकेचाळिसातला एक आहे. ग्रामपंचायतीच्या असेसमेंट उताऱ्यावर घर त्याच्या एकट्याच्या नावे आहे, घरपट्टी तो तीस वर्षं भरतो, पण तो उतारा कर आकारणीचा असतो, मालकीचा नाही.

देशावर निदान स्वामित्व योजनेने काहीतरी हालवलं. २४ एप्रिल २०२० ला ती देशभर जाहीर झाली. ड्रोनने गावठाणाची मोजणी करायची आणि घरमालकाला मिळकत पत्रिका द्यायची, ती दाखवून कर्ज मिळावं हा तिचा एक उद्देशच आहे. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीसारख्या गावात पहिला प्रयोग झाला. तिथे गाव म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या घरांचा पुंजका, भोवती शेती. आमच्याकडे गाव असं नसतं. आमचं गाव म्हणजे आठ-दहा वाड्या, एक डोंगराच्या उतारावर, एक खाडीकाठी, एक सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, मध्ये मैलभर कातळ. नकाशावरचं गावठाण असलंच तर देवळाच्या आसपासचा एक तुकडा, आणि बहुतेक घरं त्याच्या बाहेर, शेतजमिनीच्या गटात. ड्रोन गावठाणावरून फिरून गेला आणि आमची वाडी त्याच्या वाटेत आलीच नाही. जमीन महसूल संहितेत कलम ४२-ड घालून गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंतच्या जमिनीला बिनशेतीची वाट सोपी केली, तेव्हाही तेच झालं. जी वाडी गावठाणापासून दोन किलोमीटरवर आहे तिला २०० मीटरचा काय उपयोग? ही मापं पुणे-सातारा डोळ्यांसमोर ठेवून काढलेली आहेत. कोकणाला वेगळं माप हवं, आणि ते मागताना आम्ही संकोच करू नये.

शेतजमिनीचा मुद्दा बँकांसाठी दिसतो त्याहून मोठा आहे. २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकांना न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेण्याचा अधिकार दिला, पण त्याच कायद्याच्या कलम ३१ ने शेतजमीन त्यातून वगळली. शेतकऱ्याची जमीन अशी उचलून नेता येऊ नये म्हणून केलेली ती तरतूद योग्यच आहे. मात्र तिचा उलटा परिणाम असा, की ज्याचं घर शेतजमिनीत उभं आहे त्याचं तारण बँकेला तारणच वाटत नाही. म्हणून बिनशेतीचा कागद मागितला जातो. तो मिळवायला आधी स्वतंत्र हिस्सा लागतो. स्वतंत्र हिस्सा मिळवायला एकेचाळीस सह्या लागतात. माझा भाऊ चार महिने या चक्रात फिरला.

यापलीकडे कूळकायद्याचे शेरे आहेत. १९४८ चा कायदा झाला, १९४९ मध्ये खोतांची, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या वतनदारांची, सत्ता संपवणारा खोती निर्मूलनाचा कायदा आला, अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षं केलेल्या संपामागची मागणी त्यात पुरी झाली, आणि कसणारा मालक झाला. कोकणातल्या कित्येक घरांचा स्वाभिमान त्या एका घटनेतून आला आहे. पण त्याच मालकीवर कूळकायद्याच्या कलम ४३ चा शेरा बसला: सरकारी परवानगीशिवाय जमिनीचा व्यवहार करता येणार नाही. २०१४ च्या दुरुस्तीने खरेदी प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असतील तर जमीन महसुलाच्या चाळीस पट रक्कम भरून पूर्वपरवानगीशिवाय व्यवहार करता येतो. तरी तो शेरा दिसला की फाईल बाजूला ठेवणारे वकील मी पाहिले आहेत. आंबोली, गेळे, चौकुळच्या कबुलायतदार (करारनाम्यावर गावची जमीन सामाईक कसणाऱ्या) गावकरांची गोष्ट तर आणखी दुःखाची. पिढ्या तिथे नांदल्या आणि सातबाऱ्यावर नाव महाराष्ट्र शासनाचं लागलं. किनाऱ्यावरच्या कोळी, गाबीत, भंडारी कुटुंबांना सागरी नियमन क्षेत्राची रेघ आहे. २०१९ च्या अधिसूचनेने दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा दाट वस्तीच्या गावांना भरतीरेषेपासून ५० मीटर आणि विरळ वस्तीला २०० मीटर असा ना-विकास पट्टा ठरवला. आमची बहुतेक गावं विरळच, म्हणजे दोनशे मीटर. पारंपरिक मच्छीमारांच्या राहत्या घरांना सवलती आहेत, पण घर जुनं आहे हे सिद्ध करणारा कागद कोळीवाड्यात कुणाच्या पेटीत असतो?

यावर सोपा उपाय म्हणून लोक म्हणतात, सगळ्या जमिनीची वाटणी करून टाका. महसूल संहितेच्या कलम ८५ खाली संमतीने वाटप होतं, २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी माफ केली, आता अडलंय कुठे? मला हा उपाय अर्धवट वाटतो, आणि त्यात धोकाही दिसतो. सामाईक सातबारा हा त्रास आहे, पण त्यानेच आमचे सडे आणि डोंगर आजवर राखले. कुठल्याही प्रकल्पाची बातमी आली की बाहेरचे खरेदीदार तालुक्यात फिरू लागतात हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. एकट्या माणसाला गाठून सही घेणं सोपं असतं. एकेचाळीस जणांना गाठणं कठीण. वाटणी झालेला कातळ आधी विकला जातो, ही भीती माझ्या मनात आहे आणि ती मी लपवणार नाही.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. सगळी जमीन नको, फक्त घराखालची आणि अंगणाची द्या. घरठाणाचे दोन-चार गुंठे वहिवाटीप्रमाणे मोजा आणि राहणाऱ्याच्या नावे मिळकत पत्रिका करा, गावठाणात असो वा शेतात. बाकी बाग, सडा, डोंगर सामाईक राहू दे. जमिनीचे फार लहान तुकडे पाडू न देणाऱ्या तुकडेबंदीच्या १९४७ च्या कायद्यातून घरठाणाला वगळा. स्वामित्वचा ड्रोन वाड्यांवर फिरवा. एवढं झालं की तारण म्हणून ठेवायची वस्तू नेमकी होते, बँकेचा वकील समाधानी होतो, आणि कर्ज बुडालं तरी जाणार ते घरठाण, पणजोबांची कलमं जाणार नाहीत. घरठाणाचा लिलाव होण्याची वेळ आलीच तर पहिला हक्क भाऊबंदांना असावा. हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ मध्ये सहवारसांना असा अग्रहक्क आधीच दिलेला आहे. तो कर्जाच्या करारात स्पष्ट लिहिला, तर सही द्यायला बिचकणारे चुलतेसुद्धा सही देतील.

इथे बहिणींबद्दल बोललंच पाहिजे. कर्जासाठी संमती हवी म्हणून गेलं की तहसील कचेरीबाहेरचा लिहिणारा हक्कसोडपत्र टाइप करून देतो. घराला कर्ज मिळावं एवढ्यासाठी बहीण संमती द्यायला आलेली असते, आणि अंगठा उठवून जाते तेव्हा बागेतला, सड्यातला, सगळ्यातला हिस्सा सोडून जाते. वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला, आणि घरकर्जाची फाईल तो हळूच काढून घेते. माझ्या मावशीच्या दोन मुलींनी असा कागद करून द्यायची तयारी दाखवली होती, भावाच्या प्रेमापोटी. मी तो करू दिला नाही. घरठाणापुरतं मर्यादित संमतिपत्र हा वेगळा नमुना महसूल खात्याने काढावा आणि बँकांनी तोच मागावा. हक्कसोड मागणाऱ्या बँकेला तो मागण्याचा अधिकार नसावा.

अनुदानांचं थोडक्यात. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार मिळतात, रोजगार हमीची ९० ते ९५ दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार वेगळे. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला तो मोठा आधार आहे, आणि तो हवाच. पण यादीत नाव नसलेला आणि पगारदारही नसलेला जो मधला माणूस, त्याला कुठेच जागा नाही. शहरी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात पहिल्या आठ लाखांवर ४ टक्के व्याज सवलत आहे, कमाल १ लाख ८० हजारांपर्यंत. देवगड-जामसंडे नगरपंचायतीच्या हद्दीत राहणारा ती मागू शकतो. हद्दीबाहेरच्या शेजाऱ्याला ती नाही, जरी दोघांची कलमं एकाच सड्यावर असली तरी. ग्रामीण भागासाठी २०१७ मध्ये दोन लाखांवर ३ टक्क्यांची सवलत आणली होती. आठ लाख आणि दोन लाख, यातलं अंतर चिऱ्याच्या, सिमेंटच्या भावाने ठरलेलं नाही. चिरा दोन्हीकडे त्याच खाणीतून येतो.

ठेवीदारांच्या पैशाची काळजी करणाऱ्यांना मी विरोधक मानत नाही. मीही पतसंस्थेत ठेव ठेवतो, आणि बुडालेल्या पतसंस्थेच्या दारात उभी राहिलेली म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. म्हणूनच घरकर्जाच्या माफीला माझा विरोध आहे. २००८, २०१७, २०१९ अशा कर्जमाफ्या झाल्या, आणि प्रत्येक वेळी वेळेवर फेडणाऱ्या माझ्या भावासारख्याच्या मनात आपण चुकलो की काय असा प्रश्न उभा राहिला. घरकर्जात तसं होऊ नये. त्याऐवजी वाईट वर्षाची सोय करारातच करावी: मे २०२१ मध्ये तौक्ते आलं तेव्हा तयार फळ एका रात्रीत मातीत गेलं, जून २०२० मध्ये निसर्ग वादळाने दापोली-श्रीवर्धनच्या सुपाऱ्या मोडल्या. अशा वर्षी फक्त व्याज भरून मुद्दल पुढे ढकलता यावं, मुदत एक वर्षाने वाढावी, आणि त्यासाठी अर्ज-विनंत्या कराव्या लागू नयेत. पाच-सहा वर्षांत एकदा हे होणार असं धरूनच हप्ता बांधायचा. माफी मागायची वेळ अशानेच येणार नाही.

आणि मंजुरीची तारीख. बँकेच्या दृष्टीने ३१ मार्च महत्त्वाचा, आमच्या दृष्टीने दसरा. दसऱ्यापर्यंत फाईल मंजूर झाली तर दिवाळीनंतर जोतं पडतं. पैशाचे टप्पेही इथल्या बांधकामाला धरून हवेत. जोतं, भिंती, स्लॅब असे टप्पे कागदावर असतात. ज्या घराला स्लॅबच नाही, वासे आणि कौलं आहेत, त्याचा तिसरा टप्पा कधी पुरा झाला हे ठरवण्यात महिना जातो, आणि तो महिना मे असतो. आमच्याकडे बरीचशी घरं एका दमात बांधलीही जात नाहीत. यंदा दोन खोल्या, आंबा बरा झाला की पडवी, मुलाचं लग्न ठरलं की माडी. अशा घराला एक मोठं कर्ज नको असतं, दोन-तीन लाखांची तीन कर्जं हवी असतात, आधीचं फिटलं की पुढचं. बचत गटांनी हे तत्त्व कधीच पाळून दाखवलं आहे.

राहता राहिल्या त्या एकेचाळीस सह्या. त्या गोळा करायला भाऊ दोनदा मुंबईला जाऊन आला. एकदा रविवारी चुलतभाऊ कामावर होता, एकदा त्याची आई आजारी. खर्च झाला, हाती चार सह्या आल्या. पण हीच सगळी माणसं गणपतीत गावात असतात. पाच दिवस, कुणी सात दिवस, एकाच घराच्या पडवीत, एकाच आरतीला. शिमग्यातही येतात. नेमकी तेव्हा तलाठी कार्यालयाला सुट्टी असते आणि दुय्यम निबंधकाचं दार बंद असतं. महसूल खात्याने कोकणातल्या तालुक्यांपुरती एवढी एक गोष्ट करावी: गणेशचतुर्थीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी मंडळ अधिकारी, भूमापक आणि नोंदणीचा माणूस यांनी वाडीत यावं, वारस नोंदी आणि घरठाणाच्या संमत्या तिथेच घ्याव्यात. सुट्टीतल्या कामाचा मोबदला कर्मचाऱ्यांना दुप्पट द्या, त्यांच्याही घरी गणपती असतो. आमच्या वाडीने यंदाच्या ग्रामसभेत तसा ठराव करून तहसीलदारांना पाठवला आहे. भावाच्या फाईलवर आत्ता तेवीस सह्या आहेत.